ज्वालामुखीच्या काठचा रहिवासी : थॉमस जॅगर

वेस्ट इंडिजमधील मार्टिनिक या फ्रेंच बेटावरचे सेंट पियेर हे बंदर विसाव्या शतकाच्या आरंभी साखर आणि रम यांच्या व्यापाराने गजबजलेले होते. शहराच्या उत्तरेस पले नावाचा पर्वत. तो ज्वालामुखी आहे हे सर्वांना ठाऊक होते. परंतु पन्नासएक वर्षे तो स्वस्थ होता आणि स्वस्थ शेजाऱ्याचे भय कोणी बाळगीत नाही. १९०२ च्या एप्रिलअखेर त्याने धुमसण्यास आरंभ केला. रस्त्यांवर राख साचू लागली, हवेत गंधकाचा दर्प पसरला. ५ मे रोजी डोंगरावरून उतरलेल्या उकळत्या चिखलाच्या लोंढ्याने एक साखर कारखाना कामगारांसह गाडून टाकला. गव्हर्नरांनी परिस्थितीचा विचार करण्यासाठी समिती नेमली. समितीला शहर सोडण्याजोगे काही आढळले नाही. लोकांचा धीर सुटू नये म्हणून गव्हर्नर स्वतः सपत्नीक शहरात येऊन राहिले. ८ मे रोजी सकाळी आठच्या सुमारास पर्वतातून तप्त वायू आणि धगधगती राख यांचा एक प्रचंड लोट निघाला आणि जमिनीलगत धावत काही मिनिटांत शहरावर आला. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे मृत्यू पावली. गव्हर्नर आणि त्यांच्या पत्नीही त्यांत होत्या. खुद्द शहरात जी दोनतीन माणसे वाचली, त्यांतील एक जाड भिंतींच्या अंधारकोठडीत डांबलेला कैदी होता.

या घटनेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी अमेरिकन नौदलाचे मदतसाहित्य घेऊन आलेल्या ‘डिक्सी’ जहाजातून काही शास्त्रज्ञ तेथे उतरले. हार्वर्ड विद्यापीठातील एकतीस वर्षांचे अध्यापक थॉमस ऑगस्टस जॅगर त्यांच्यापैकी एक. त्या भस्मीभूत शहरात त्यांनी जे पाहिले त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा कायमची बदलली.

जॅगर यांचा जन्म २४ जानेवारी १८७१ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. वडील एपिस्कोपल पंथाचे बिशप होते. मुलाचा ओढा मात्र लहानपणापासून निसर्गाकडे. हार्वर्डमधून १८९३ साली पदवी घेतल्यावर त्यांनी जर्मनीत म्युनिच आणि हायडेलबर्ग येथे काही काळ अध्ययन केले आणि १८९७ साली हार्वर्डचीच डॉक्टरेट मिळविली. त्या काळी भूशास्त्र म्हणजे मुख्यतः दगड गोळा करणे, त्यांची वर्गवारी लावणे आणि नकाशे काढणे. तरुण जॅगर यांचे एवढ्याने समाधान होत नसे. प्रयोगशाळेत लहान गायझर तयार करावेत, वाळूवरून पाणी सोडून नद्या कशा वळतात ते पाहावे, थरांवर दाब देऊन डोंगरांना घड्या कशा पडतात ते तपासावे, असा त्यांचा खटाटोप चाले. निसर्गाची क्रिया चालू असताना ती मोजली पाहिजे, ही त्यांच्या बुद्धीची मूळ घडण. सेंट पियेरने तिला एक नैतिक निकड दिली.

तेथे त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. ज्वालामुखीचे शास्त्रज्ञ रोग्याचा प्राण गेल्यावर पोहोचणाऱ्या वैद्यासारखे होते. उद्रेक झाल्याची तार यावी, जहाज पकडावे, राखेचे नमुने गोळा करावेत, अहवाल लिहावा आणि घरी परतावे. आधीच्या आठवड्यांत पर्वताच्या पोटात काय घडत होते, जमीन किती थरथरली, किती फुगली, वायूंत कोणता फरक पडला, याची नोंद कोणाहीपाशी नव्हती. सेंट पियेरच्या समितीची चूक झाली हे खरे. पण चूक टाळण्यासाठी लागणारी सामग्री तिच्या हाती कोठे होती? पुढील आठ वर्षे जॅगर स्वतःही याच धावपळीत होते. १९०६ साली व्हेसुव्हियस, १९०७ साली अलास्काजवळची अल्यूशन बेटे, १९१० साली कोस्टा रिकातील उद्ध्वस्त कार्तागो. दरम्यान डिसेंबर १९०८ मध्ये इटलीतील मेसिना शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले आणि हजारो माणसे प्राणास मुकली. प्रत्येक प्रवासागणिक त्यांचा निश्चय दृढ होत गेला, की ज्वालामुखीपाशी जाऊन येणे पुरेसे नाही. तेथे बिऱ्हाड केले पाहिजे.

ही कल्पना सर्वस्वी नवी होती असे नाही. व्हेसुव्हियसच्या उतारावर १८४१ सालीच वेधशाळा उभी राहिली होती आणि लुइजी पाल्मिएरी यांनी तेथे विजेवर चालणारे भूकंपमापक बसविले होते. जपानात फुसाकिची ओमोरी हे भूकंपशास्त्र परिश्रमपूर्वक उभारीत होते. जॅगर १९०९ साली ओमोरींना भेटले. त्यांनी या दोन्ही परंपरा एकत्र आणल्या आणि त्यांना अमेरिकन संघटनकौशल्याची जोड दिली. १९०६ पासून ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत भूशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९०९ साली व्हिटनी घराण्याच्या मृत्युपत्रातून त्या संस्थेला भूभौतिकीय संशोधनासाठी पंचवीस हजार डॉलर मिळाले आणि स्वप्नाला प्रथमच पैशाचा आधार लाभला.

जागा ठरली हवाई बेटांवरील किलावेआ. निवड विचारपूर्वक केलेली होती. हा ज्वालामुखी वारंवार जागृत असतो. त्याचा लाव्हा पातळ असल्याने स्फोट क्वचित होतात आणि माणसाला बरेच जवळ जाता येते. हालेमाउमाउ या त्याच्या अंतर्विवरात तेव्हा वितळलेल्या लाव्ह्याचे एक सरोवरच वर्षानुवर्षे उकळत होते. हवाईच्या परंपरेनुसार ते पेले या अग्निदेवतेचे निवासस्थान. हिलो बंदरापासून तेथवर रस्ता होता आणि विवराच्या काठावर उतरण्यास एक हॉटेलही होते. शिवाय प्रशांत महासागराच्या मध्यावर असल्यामुळे दूरदूरच्या भूकंपांच्या लहरी तेथे टिपता येणार होत्या. या शेवटच्या कारणाचे महत्त्व पुढे कळून आले.

येथे जो खडक वितळलेल्या रूपात उसळत होता तो बेसॉल्ट, म्हणजे आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण. माळव्यापासून बेळगावपर्यंत ज्या दगडाने घरांचे जोते, देवळांच्या भिंती आणि घाटांच्या पायऱ्या बांधल्या गेल्या, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असाच, पण कल्पनातीत मोठ्या प्रमाणावर, भूमीच्या भेगांतून वाहिला होता.

जॅगर स्वतः येण्यापूर्वी, १९११ च्या उन्हाळ्यात, फ्रँक पेरेट आणि शेफर्ड या दोघांनी विवराच्या काठावर ठाण मांडले. पेरेट हे मूळचे विद्युत अभियंता, पण ज्वालामुखींच्या नादी लागलेले विलक्षण गृहस्थ. व्हेसुव्हियसच्या १९०६ च्या उद्रेकापूर्वी रात्री लोखंडी पलंगाला दात लावून जमिनीची गुणगुण ऐकणारे ते हेच. हालेमाउमाउवर पोलादी दोर आडवा ताणून त्यांनी तापमापक थेट लाव्ह्याच्या सरोवरात सोडला. उपकरणामागून उपकरण लाव्ह्याने गिळले. तथापि सुमारे १००० अंश सेल्सियस हे तापमान हाती लागले. जिवंत लाव्ह्याचे तापमान असे प्रत्यक्ष मोजले गेल्याची ही आरंभीची नोंद होय.

१७ जानेवारी १९१२ रोजी जॅगर किलावेआच्या काठी येऊन दाखल झाले. बॉस्टनमधील सुखाची खुर्ची सोडून महासागरातील बेटावर कायमचे राहायला जाणे हा त्यांच्या सहकाऱ्यांना लौकिकदृष्ट्या वेडेपणाच वाटण्याजोगा होता. भूकंपमापकांसाठी तळघर खणावयाचे होते. ते काम सक्तमजुरीच्या कैद्यांनी केले. सुमारे सहा फूट राख आणि प्यूमिस उपसल्यावर खालचा घट्ट खडक लागला आणि त्यावर काँक्रीटचे व्हिटनी तळघर उभे राहिले. जर्मनीतील स्ट्रासबुर्गहून ओमोरींच्या आराखड्याप्रमाणे बनविलेली उपकरणे आली, जपानहूनही एक आले. हॅरी वुड हे तरुण भूकंपशास्त्रज्ञ मदतीस लाभले. काजळी धरलेला कागद फिरत्या पिंपावर गुंडाळलेला, त्यावर जड लंबकाची टोकदार लेखणी, आणि दर चोवीस तासांनी नवा कागद: पुढील अनेक दशकांची दिनचर्या ही अशी होती.

पैशाची कहाणी स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. व्हिटनी निधीने यंत्रे आली, परंतु दैनंदिन खर्चाचे काय? होनोलुलूतील वृत्तपत्राचे मालक लॉरिन थर्स्टन यांना ज्वालामुखीचे जबर वेड होते. (हवाईचे राजघराणे उलथविणाऱ्या १८९३ च्या कटातही हेच थर्स्टन अग्रणी होते, माणसाच्या स्वभावात किती परस्परविरोधी गोष्टी नांदतात!) त्यांच्या पुढाकाराने व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी हवाई ज्वालामुखी संशोधन मंडळ स्थापिले आणि वर्गणी देऊन वेधशाळेचा भार उचलला. सभासदांच्या वर्गणीवर एखादी संस्था वर्षानुवर्षे चालविणे म्हणजे काय, हे जुन्या ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. जॅगर यांना शास्त्रज्ञाबरोबरच चिटणीस, व्याख्याते आणि प्रसंगी सुतार-लोहारही व्हावे लागले. वर्गणीदारांना आपल्या पैशाचे काय होते ते कळावे म्हणून नियमित वार्तापत्रे निघत. १९२५ पासून निघालेले ‘व्होल्कॅनो लेटर’ तर दर आठवड्याला प्रसिद्ध होई. वेधशाळा १९१९ साली अमेरिकन हवामान खात्याकडे, १९२४ साली भूशास्त्रीय सर्वेक्षणाकडे आणि १९३५ साली राष्ट्रीय उद्यान खात्याकडे गेली. मंदीच्या काळात सरकारी अनुदान आटले तेव्हा पुन्हा मंडळाचाच आधार राहिला.

प्रत्यक्ष संशोधनाकडे वळले की जॅगर यांच्या चिकाटीचे खरे दर्शन घडते. ज्वालामुखीच्या पोटात शिलारस साचू लागला की वरची जमीन किंचित फुगते. शिलारस निसटला की ती बसते. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, परंतु भूकंपमापकाचा लंबक तिरप्या जमिनीवर हळूहळू एका बाजूस सरकतो. भूकंप टिपण्यासाठी आणलेले यंत्र असे आपोआपच जमिनीचा कल मोजणारे यंत्रही ठरले. पातळीमापनाची सर्वेक्षणे पुनःपुन्हा करून त्याला पुष्टी मिळाली. जमीन, भूकंप, वायू आणि तापमान या चारही गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी, खंड न पडता मोजावयाच्या हे त्यांचे सूत्र होते. उपग्रह आणि संगणक हाताशी असूनही जगातील ज्वालामुखी वेधशाळा मूलतः हेच करीत असतात.

वायूंचा प्रश्न त्या काळी वादाचा होता. ज्वालामुखीच्या वायूंत पाण्याची वाफ मुळी नसतेच, असे ब्रून या स्विस शास्त्रज्ञाचे प्रतिपादन होते. १९१२ साली डे आणि शेफर्ड यांनी थेट लाव्ह्यातून सुटणारा वायू नळीने खेचून घेतला आणि त्यात वाफ सापडली. पुढे १९१७ ते १९१९ या काळात जॅगर यांनी निर्वात काचनळ्यांत वायूंचे जे नमुने घेतले, ते इतके निर्भेळ होते की कित्येक दशकांनंतरच्या भूरसायनशास्त्रज्ञांनीही आपल्या गणितांसाठी त्यांचाच आधार घेतला. १९१७ साली तर ते लाव्हासरोवराच्या काठावर उतरून लांबलचक पोलादी नळ्या उकळत्या रसात खुपसत होते. त्यांच्या टोकाशी ठराविक तापमानास वितळणारे मातीचे शंकू बसविलेले असत. सरोवर अथांग नसून त्याचा पातळ भाग जेमतेम पंचेचाळीस फूट खोल आहे, असे या मापनातून निघाले.

घरगुती आयुष्यात मात्र त्यांना बरीच किंमत मोजावी लागली. १९०३ साली झालेला पहिला विवाह टिकला नाही. १९१७ साली त्यांनी इझाबेल मेडवेल यांच्याशी विवाह केला. विवराच्या काठावरील घरात त्या राहिल्याच, शिवाय नोंदी ठेवण्यापासून निरीक्षणांपर्यंत वेधशाळेच्या कामात त्यांचा हात होता. संस्थापकांच्या चरित्रांत अशा स्त्रियांना एका ओळीपलीकडे जागा मिळत नाही, आणि त्यांच्याविषयी बाहेर पोहोचलेली माहितीही फारशी अधिक नाही. १९१६ साली येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागेही जॅगर आणि थर्स्टन यांची खटपट होती.

१९२४ साली सौम्य समजल्या जाणाऱ्या किलावेआने आपले दुसरे रूप दाखविले. फेब्रुवारीत लाव्हासरोवर नाहीसे झाले, एप्रिलमध्ये पूर्वेकडील भागात भूकंपांची माळ लागली आणि मे महिन्यात हालेमाउमाउतून राखेचे आणि कित्येक टन वजनाच्या दगडांचे स्फोट झाले. एका छायाचित्रकाराचा बळी गेला. स्फोट थांबले तेव्हा विवराचा व्यास जवळजवळ दुप्पट झालेला होता. ज्याच्या काठी बारा वर्षे संसार केला तो शेजारीही पुरता कळलेला नाही, याची ही जाणीव होती.

परंतु माहिती मिळविणे वेगळे आणि ती लोकांना पटविणे वेगळे. ३ फेब्रुवारी १९२३ रोजी वेधशाळेच्या यंत्रांनी कामचाटकाकडील मोठा भूकंप टिपला. भूकंपाच्या लहरी खडकातून काही मिनिटांत येतात. समुद्रात उठलेल्या प्रचंड लाटा मात्र आगगाडीपेक्षा कितीतरी वेगाने निघूनही हवाईस पोहोचायला काही तास घेतात. मधला तो अवकाश हेच वाचण्याचे साधन. जॅगर यांनी हिलो बंदराच्या अधिकाऱ्यास सावध केले. तो इशारा कोणी मनावर घेतला नाही. लाटा आल्या, नावा फुटल्या आणि मनुष्यहानीही झाली. दहा वर्षांनी, मार्च १९३३ मध्ये, जपानच्या सानरिकू किनाऱ्याजवळ भूकंप झाला तेव्हा त्यांनी लाटा येण्याची वेळ गणिताने काढून पुन्हा इशारा दिला. या खेपेस लोकांनी ऐकले. लाटा आल्या, पण हवाईत कोणाचाही प्राण गेला नाही. ज्ञात इतिहासात यशस्वी ठरलेला त्सुनामीचा हा पहिला शास्त्रीय इशारा मानतात. दुर्दैव असे, की त्याला कायम व्यवस्थेचे रूप कोणी दिले नाही. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीत हवाईत १५९ माणसे दगावली आणि त्यानंतर, १९४९ साली, इशारायंत्रणा उभी राहिली. सेंट पियेरच्या गव्हर्नरांपासून पुढे हेच दिसत आले आहे. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी कोलंबियातील आर्मेरो गाव चिखलाच्या लोंढ्याखाली गाडले जाऊन सुमारे तेवीस हजार माणसे मेली, तेव्हा धोक्याचा नकाशा आधीच्या महिन्यात तयार झालेला होता. उलट १९९१ साली फिलिपाइन्समधील पिनाटुबोच्या वेळी शास्त्रज्ञांचे ऐकून हजारो कुटुंबे वेळीच हलविली गेली आणि वाचली.

जॅगर यांचे सर्वच अंदाज खरे ठरले असे म्हणता येणार नाही. ज्वालामुखींच्या चक्राचा संबंध सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राशी जोडण्याचा त्यांना मोह होता. पुढील संशोधनात तो टिकला नाही. तथापि डिसेंबर १९३३ मध्ये मौना लोआ पर्वताच्या शिखरावर उद्रेक झाल्यावर, दोन वर्षांच्या आत उत्तर उतारावर उद्रेक होऊन हिलोला धोका संभवतो, असे त्यांनी जाहीर केले होते. आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये नेमके तेच घडले. डिसेंबरअखेर लाव्ह्याचा प्रवाह रोज सुमारे दीड किलोमीटर वेगाने हिलोच्या दिशेने सरकू लागला. लाव्हा ज्या बोगद्यांतून वाहतो ते उगमाजवळ फोडावेत, म्हणजे रस वाटेतच पसरून निवेल, अशी जॅगर यांची योजना. २७ डिसेंबर रोजी अमेरिकन सैन्याच्या विमानांनी प्रत्येकी सहाशे पौंडांचे वीस बाँब टाकले. मोहिमेच्या आखणीत पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेले जॉर्ज पॅटनही होते. २ जानेवारी १९३६ रोजी प्रवाह थांबला. जॅगर यांची खात्री होती की बाँबमुळेच थांबला. विमानातून पाहणी केलेल्या हॅरल्ड स्टर्न्स या भूशास्त्रज्ञास मात्र तो निव्वळ योगायोग वाटला आणि नंतरच्या बहुतेक अभ्यासकांनीही त्यांचीच बाजू घेतली. पेलेवर बाँब टाकणे स्थानिक हवाईयन लोकांपैकी अनेकांना रुचले नव्हते. जन्मभर निरीक्षणाचा आग्रह धरलेल्या माणसाने हस्तक्षेपाच्या यशाबाबत इतके चटकन निःशंक व्हावे हे थोडे चमत्कारिक खरे. पण सेंट पियेर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला हिलो वाचल्याचा आनंद आवरणे कठीण गेले असेल.

त्यांची कल्पकता इतरत्रही चाले. अलास्काच्या किनाऱ्यावरील ज्वालामुखींपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी १९२८ च्या सुमारास पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारी गाडी बनविली. या कामासाठी १९४५ साली नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने त्यांना पारितोषिक दिले.

१९४० साली ते वेधशाळेतून निवृत्त झाले आणि होनोलुलूच्या विद्यापीठात संशोधन करीत राहिले. १७ जानेवारी १९५३ रोजी, किलावेआच्या काठी पाऊल ठेवल्याला बरोबर एकेचाळीस वर्षे होत असताना, त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र १९५६ साली संशोधन मंडळानेच प्रसिद्ध केले. ज्वालामुखींशी केलेले माझे प्रयोग, असा त्याच्या नावाचा अर्थ. मराठी वाचकास ते वाचताच सत्याच्या प्रयोगांची आठवण व्हावी.

२०१२ साली वेधशाळेची शताब्दी झाली. सहा वर्षांनी, मे २०१८ मध्ये, किलावेआच्या पूर्व भागात जमीन फाटून लाव्हा वाहू लागला. सातशेहून अधिक घरे नष्ट झाली. लाव्ह्याच्या प्रवाहात सापडून मात्र कोणी दगावले नाही, कारण लोकांना आधीच हलविलेले होते. त्याच वेळी शिखरावरील विवर पुनःपुन्हा कोसळत होते आणि त्याच्या धक्क्यांनी काठावरील वेधशाळेची इमारत आणि तिच्या शेजारचे जॅगर यांच्या नावाचे संग्रहालय यांना तडे गेले. दोन्ही वास्तू पुढे उतरवाव्या लागल्या. वेधशाळेच्या लोकांनी यंत्रांचे संदेश हिलोच्या विद्यापीठातील खोल्यांत वळवून घेतले आणि नोंदी तेथून चालू ठेवल्या.